मिस्ड कॉल, टोपी आणि रिकामं मैदान

क्वीन्सटाउनहून तुमच्याशी बोलतोय. आजचा विषय इतिहासाचा आहे, पण इतका ताजा की त्याचे पुरावे तुमच्या एखाद्या जुन्या फोनमध्ये अजून असतील. साल २०११.

सुरुवात कैरोपासून करू. खालिद सईद नावाचा तरुण जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात पोलिसांच्या मारहाणीत गेला. त्याच्या नावानं फेसबुकवर एक पान सुरू झालं. ते चालवणारा वाएल घोनिम तेव्हा दुबईत होता, गूगलमध्ये मार्केटिंगच्या नोकरीत. एमबीए झालेला, परदेशात राहणारा, म्हणजे तुमच्याआमच्यातलाच म्हणायचा. २५ जानेवारीच्या निदर्शनांची हाक त्या पानावरून गेली. पण घोनिम दुबईत बसून राहिला नाही. तो कैरोला गेला, पकडला गेला आणि ११ दिवस कोठडीत होता. सरकारनं इंटरनेटच बंद केलं, तेव्हा गूगल आणि ट्विटरनं फोनवर निरोप बोलून ठेवायची सोय काढली. तो आवाज ट्विटरवर जगाला ऐकू यायचा. आपण रेडिओवाले, आपल्याला याचं कौतुक जरा जास्तच. ११ फेब्रुवारीला मुबारक गेले.

हे सगळं आपल्या लोकांनी टीव्हीवर पाहिलं होतं. मार्चमध्ये अमेरिकेतल्या काही भारतीयांनी भ्रष्टाचाराविरुद्ध दुसरी दांडी यात्रा काढली, सॅन दिएगो ते सॅन फ्रान्सिस्को, २४० मैल. आणि ५ एप्रिलला राळेगणसिद्धीचे किसन बाबुराव हजारे दिल्लीत जंतरमंतरवर उपोषणाला बसले.

आपल्याला अण्णा नवे नव्हते. पारनेर तालुक्यातलं ते गाव, तिथलं पाणलोटाचं काम, माहितीच्या अधिकारासाठी २००३ मध्ये आझाद मैदानावर केलेलं उपोषण, हे सगळं मराठी पेपर वाचणाऱ्या घरात ठाऊक होतं. दिल्लीच्या वाहिन्यांना मात्र ते त्या आठवड्यात सापडले. 'मैं अण्णा हूँ' लिहिलेल्या टोप्या पाहून आपल्याला अभिमान वाटला आणि थोडी गंमतही. ज्या घरात मोठ्या भावाला किंवा वडिलांनाच अण्णा म्हणतात, तिथं सगळा देशच अण्णा झाला म्हणजे काय करायचं?

मला धंद्यामुळे सगळ्यात जास्त रस आहे तो मिस्ड कॉलमध्ये. 'पोचलास की मिस्ड कॉल दे' हे वाक्य तुम्ही किती वेळा ऐकलं असेल! रिंग वाजते, कॉल कट होतो, पैसा पडत नाही. 'इंडिया अगेन्स्ट करप्शन'नं नेमकी हीच सवय उचलली. मुंबईचा, ०२२ नं सुरू होणारा एक नंबर दिला आणि सांगितलं, पाठिंबा असेल तर इथं मिस्ड कॉल द्या. त्या वर्षी भारतात बहुतेकांच्या हातात साधा बटणांचा फोन होता. नेट नको, फेसबुक नको, वाचता यायलाही नको. शिवाय लाईक केलं तर तुमची नोंद फेसबुककडे राहते. मिस्ड कॉलमध्ये तुमचा नंबर आंदोलनाकडे जातो आणि पुढच्या कार्यक्रमाचा एसएमएस त्यावर पाठवता येतो. इतका स्वस्त आणि चोख उपाय सल्लागार कंपन्यांच्या स्लाइड्समध्ये क्वचितच दिसतो.

१६ ऑगस्टला अण्णांना अटक होऊन तिहारला नेलं. सुटकेचा आदेश आला तरी ते बाहेर येईनात. किरण बेदींनी आत जाऊन मोबाइलवर त्यांचा निरोप टिपला आणि तो यूट्यूबवर आला. रामलीला मैदानावर ते बसले आणि २८ ऑगस्टला, २८८ तासांनी, उपोषण सुटलं.

या सगळ्यात सिंगापूरच्या माणसानं काय करायचं? आपल्या स्टेशनवरून हिरव्या लाइननं औट्रम पार्क, तिथून जांभळ्या लाइननं क्लार्क की. बाहेर पडलं की हाँग लिम पार्क, म्हणजे स्पीकर्स कॉर्नर. पण तिथं निदर्शन करायचा हक्क नागरिकांना आणि पीआरना. बाकीच्यांना पोलिसांचा परवाना लागतो. एम्प्लॉयमेंट पासवर आलेल्यांसाठी उरतो फेसबुकचा फोटो. हा नियम कागदावरचा नाही. २०१३ मध्ये मलेशियातल्या निवडणुकीनंतर तिथल्या लोकांनी प्रोफाइल फोटो काळे केले, त्याला कुणाची हरकत नव्हती. मर्लायन पार्कमध्ये जमले, तेव्हा २१ जणांना अटक झाली.

आता माझ्या मते त्या वर्षातला सगळ्यात महत्त्वाचा दिवस. २७ डिसेंबर, मुंबई, वांद्रे-कुर्ला संकुलातलं एमएमआरडीए मैदान. अण्णा पुन्हा उपोषणाला बसले, या वेळी स्वतःच्या राज्यात. त्याच दिवशी लोकसभेत लोकपाल विधेयकावर चर्चा चालू होती. आणि मैदान? बरंचसं रिकामं. अंगात ताप असलेल्या अण्णांनी दुसऱ्याच दिवशी उपोषण थांबवलं आणि जेल भरोही रद्द केलं.

मिस्ड कॉल देणारे खोटे होते का? मला तसं वाटत नाही. ते 'हो' म्हणाले होते, 'येतो' म्हणाले नव्हते. आयोजकांनी या दोन शब्दांची बेरीज केली आणि सरकारनं त्यातला फरक ओळखला.

२०२१ मध्ये म्यानमारमध्ये सैन्यानं सत्ता घेतली, तेव्हा तुमच्या मुलांनी तीन बोटांच्या सलामीचे फोटो पुढे पाठवले असतील. पाठवू द्या. तिथल्या माणसाला एकटं वाटू नये, एवढं काम त्यानं होतं आणि ते लहान नाही. फक्त त्यांना एकदा विचारा, की त्या फोटोतला मुलगा आज कुठे आहे, हे शोधलंस का?

लोकपाल कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली १ जानेवारी २०१४ ला. लोकपाल मात्र नेमला जाईना. जानेवारी २०१९ च्या शेवटी अण्णा राळेगणला पुन्हा उपोषणाला बसले, वय ८१. या वेळी टोप्यांची लाट नव्हती. ते सात दिवस बसले. २३ मार्च २०१९ ला न्यायमूर्ती पिनाकी चंद्र घोष यांनी पहिले लोकपाल म्हणून शपथ घेतली.