नांव आणि मंडळी

ज्या नांवाचा उच्चार चारचौघांत करतांना सभ्य गृहस्थ क्षणभर अडखळेल, तें नांव मिरवीत एका गायकमंडळीनें पस्तीस वर्षांहून अधिक काळ रसिकांची मर्जी राखली, असें सांगितलें तर पुष्कळांस तें खरें वाटणार नाहीं. परंतु कॅनडांतील टोरांटोनजीकच्या स्कारबरो येथील ‘बेअरनेकेड लेडीज’ या मंडळीचा इतिहास असाच आहे. नांवाचा अर्थ ‘विवस्त्र स्त्रिया’. मंडळींत मात्र सारे पुरुष, आणि बहुतेक गाणीं निरुपद्रवी विनोदाचीं!

एड रॉबर्टसन व स्टीव्हन पेज हे दोघे एकाच शाळेचे विद्यार्थी. १९८८ सालीं बॉब डिलन यांच्या जलशास गेले असतां कंटाळा आल्यामुळें त्यांनीं संगीत-टीकाकारांचें सोंग घेतलें व काल्पनिक मंडळ्यांचीं नांवें रचण्याचा खेळ मांडला. त्यांतलेंच हें एक. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत टोरांटोच्या नगरभवनापुढील नेथन फिलिप्स चौकांत, गरजूंच्या अन्नसाहाय्यार्थ भरलेल्या जलशांत, हे दोघे या नांवानें प्रथम उभे राहिले. थट्टेंतलें नांव असें कायमचें झालें.

पुढें मंडळी वाढून पांचांची झाली. १९९१ च्या वर्षअखेरीस मात्र त्याच चौकांतील नववर्षाच्या जलशांतून नगरपालिकेनें तिला वगळलें. कारण एवढेंच, कीं या नांवानें स्त्रीजातीची अप्रतिष्ठा होते. हा आक्षेप सर्वस्वी पोकळ होता असें आम्ही म्हणणार नाहीं. आपल्या थट्टेंत दुसऱ्याची अब्रू गुंतलेली असते, हें थट्टेखोरांच्या ध्यानांत क्वचितच येतें. पण बंदीचा परिणाम अगदीं उलट झाला. वृत्तपत्रांनीं गवगवा केला, आणि मंडळीनें कोणा मोठ्या कंपनीच्या आश्रयावांचून काढलेली पांच गाण्यांची पिवळी ध्वनिफीत हातोहात खपूं लागली. १९९२ सालच्या ‘गॉर्डन’ या गीतसंग्रहाच्या तर एकट्या कॅनडांत १० लाखांवर प्रती खपल्या.

कीर्ति मिळविणें एक आणि ती पचविणें दुसरें. १९९८ सालीं ‘वन वीक’ हें त्यांचें गीत अमेरिकेच्या लोकप्रिय गीतांच्या यादींत अग्रस्थानीं चढलें व आपल्या नांवाप्रमाणें एकच आठवडा तेथें राहिलें! परंतु ज्या वर्षीं हें यश आलें, त्याच वर्षीं वादक केव्हिन हर्न यांस रक्ताच्या कर्करोगानें गांठलें. सुदैवानें ते बरे होऊन मंडळींत परतले. २००७ पासून ‘द बिग बँग थिअरी’ या अमेरिकन मालिकेच्या आरंभीं याच मंडळीचें गीत वाजूं लागलें; तें ऐकणाऱ्या कित्येकांस गाणारांचें नांवहि ठाऊक नसेल.

खरी कसोटी २००९ सालीं लागली. ज्या दोघांनीं खेळांत तें नांव रचलें, त्यांपैकीं पेज मंडळी सोडून गेले. अनेक गाण्यांतील मुख्य आवाज त्यांचा होता. आतां त्या नांवावर हक्क कोणाचा? रॉबर्टसन, हर्न, जिम क्रीगन व टायलर स्टुअर्ट या चौघांनीं वाद न घालतां गाण्यानेंच उत्तर दिलें. नवे संग्रह काढले, गांवोगांव दौरे केले. पेजहि स्वतंत्रपणें गात राहिले.

२०१८ सालीं कॅनडाच्या संगीत-गौरवमंदिरांत मंडळीचा समावेश झाला, त्या रात्रीं पेज जुन्या सोबत्यांबरोबर पुन्हा रंगमंचावर आले. तो समेट नव्हता. दोन्ही वाटा पुढें वेगळ्याच राहिल्या. तरी जें एकत्र घडविलें तें उभयतांचें होतें, एवढी कबुली त्या रात्रीनें दिली.

मंडळी आजहि जलसे करते. यावरून आम्हांस वाटतें कीं, नांव कोणीं शोधलें याहून तें रोज कोण निभावतो, यालाच मोल अधिक. मात्र निभावणारानें सोडून गेलेल्याचा वांटा विसरूं नये. ज्या घरांत, संस्थेंत वा मंडळींत हीं दोन्हीं व्रतें पाळलीं जातात, तेथें फूट पडली तरी नांव बुडत नाहीं.