तळटीप : कुसळीचे दोन अवतार

* मूळ मजकुरातला ‘वाण’ हा शब्द इथे फसवा आहे. वाण माणूस निवडतो. कुसळी गवताच्या बाबतीत निवड झाली असलीच तर ती पावसाने आणि जमिनीने केलेली. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ट्युरेसॉन यांनी १९२२ मध्ये अशा स्थानिक रूपांसाठी ‘इकोटाइप’ ही संज्ञा मांडली. महाबळेश्वरला वर्षाला ५५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जतला जेमतेम ५००. सरळ रेषेत अंतर २०० किलोमीटरही नाही. कुसळी (तीच, धोतराला चिकटणारी, ओल लागली की कुसाचा पीळ सुटतो आणि बी मातीत घुसते) साताऱ्याच्या डोंगरउतारांवर आहे, जतच्या माळावरही आहे. पण एकीकडे उंच, दुसरीकडे बुटकी दिसली म्हणून इकोटाइप ठरत नाही. दोन्हीकडचे बी एकाच वाफ्यात, सारख्या पाण्यावर वाढवायचे. फरक टिकला तर आनुवंशिक, मिटला तर पावसापाण्याचा. त्यातही पहिल्या पिढीवर विसंबू नये. बी जिथे भरले तिथली सुबत्ता रोपात उतरते. आणि वाफा एकट्या साताऱ्यात घातला तर जतच्या रोपावर अन्यायच; दुसरा जतलाही हवा. – संपा.