विद्यापीठीय सेवकांचे अभिलेख आणि खाजगीपणाची सरकती सीमा

सोलापूर विद्यापीठाची स्थापना २००४ साली झाली, तेव्हा माहितीच्या अधिकाराचा महाराष्ट्र राज्याचा कायदा नुकताच अमलात आला होता. तोवर जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती व अध्यापकांच्या नेमणुकांना मान्यता तेथूनच मिळत असे. सेवापुस्तक, गोपनीय अहवाल, निवड समितीचे इतिवृत्त ही कार्यालयाच्या कपाटातील वस्तू मानली जात होती. १९२३ च्या शासकीय गुपिते अधिनियमाने घडविलेली ती मानसिकता होय.

१२ ऑक्टोबर २००५ रोजी केंद्रीय अधिनियम पूर्णतः लागू झाला. त्याच्या कलम ४(१)(ख) अन्वये कर्मचाऱ्यांची निर्देशिका व मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरले. प्राध्यापकांचा पगार चारचौघांत न विचारण्याच्या आपल्या रीतीला हा धक्काच होता. कलम ८(१)(ञ) ने वैयक्तिक माहितीस संरक्षण दिले, पण सशर्त: तिचा सार्वजनिक कार्याशी संबंध नसेल किंवा खाजगी जीवनात अनाठायी हस्तक्षेप होत असेल तरच; आणि व्यापक लोकहित असल्यास तीही खुली. अनुदानित महाविद्यालयांविषयीची शंका २०१९ च्या डी.ए.व्ही. निवाड्याने बऱ्याच अंशी दूर केली. शासनाचे भरीव अर्थसाहाय्य घेणारी खाजगी संस्थाही 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

त्यापूर्वीच, ३ ऑक्टोबर २०१२ च्या देशपांडे निवाड्याने दिशा बदलली होती. अकोल्याच्या भविष्य निर्वाह निधी कार्यालयात पूर्वी काम केलेल्या अधिकाऱ्याचे ते प्रकरण होते. ज्ञापने, कारणे दाखवा नोटिसा, मालमत्तेची विवरणे ही सर्वोच्च न्यायालयाने वैयक्तिक माहिती ठरविली. लोकहिताचा अपवाद न्यायालयाने कायम ठेवला होता. तथापि कचेऱ्यांनी निवाड्यातील नकारच तेवढा उचलला, असे म्हणणे अतिशयोक्त होणार नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिक भरतीचे गुण उघड करण्याचा आदेश दिला, तो म्हणूनच महत्त्वाचा. सार्वजनिक भरतीतील गुण दडवल्याने संशयच वाढतो, ही त्यामागील भूमिका.

तो आदेश जुन्या कलमावर उभा होता. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मधील दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि कलम ८(१)(ञ) मधील सर्व अटी गळाल्या. 'वैयक्तिक माहिती' एवढेच कारण उरले. अध्यापकाचे वेतन संकेतस्थळावर राहीलच, परंतु ते ज्या निवडीतून मिळाले तिचे गुणपत्रक मागणाऱ्या डावललेल्या उमेदवारास आता कलम ८(२) मधील लोकहिताचाच आधार घ्यावा लागेल.