दापोडीचा पुष्पचित्रकार
दापोडीचा पुष्पचित्रकार : (कार्यकाल 1847–50). पुण्याजवळील दापोडीच्या सरकारी वनस्पतिउद्यानासाठी फुलाझाडांची सुमारे 170 चित्रे काढणारा अनामिक चित्रकार. ‘पोर्तुगीज-भारतीय’ एवढीच त्याची ओळख मागे राहिली. गाव, घराणे, गुरू यांची नोंद घेण्याची गरज त्याच्या मालकांना वाटली नाही. त्यामुळे त्याचे चरित्र लिहायचे म्हणजे त्याच्या चित्रांविषयी आणि ती करवून घेणाऱ्या माणसाविषयी लिहायचे.

पवनेकाठचा कॅप्टन फोर्ड याचा बंगला मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत (1827–30) गव्हर्नरच्या मुक्कामासाठी घेण्यात आला आणि त्याच्या आवारात बाग उभी राहिली. 1838 मध्ये ती अलेक्झांडर गिब्सन (1800–67) या स्कॉटिश शल्यवैद्याच्या हाती आली. बाग शोभेपुरती नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या दवाखान्यांना लागणाऱ्या औषधी वनस्पतींची लागवड गिब्सन करीत असे. जुन्नरजवळच्या हिवऱ्याची बागही त्याच्याकडेच होती. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला, आणि त्याच वर्षी चित्रांचे काम सुरू झाले.

चित्रांचा उपयोग रोकडा होता. दाबून वाळवलेल्या नमुन्यात पानाचा आकार, शिरा, केसर टिकतात. पाकळीचा रंग मात्र उडतो आणि मांसल फूल चपटे होऊन ओळखू येईनासे होते. ही उणीव जलरंगांनी भरून काढायची असे. चित्रकाराने देशी वनस्पतींबरोबरच बाहेरून आणून लावलेल्याही रंगवल्या. तेव्हाच्या बागेत काय काय जगत होते, याचा पुरावा म्हणून आज हा संग्रह वनस्पतिशास्त्राइतकाच इतिहासालाही मोलाचा आहे.

कंपनीच्या अमलात असे चित्रकार ठिकठिकाणी राबत होते, पण सगळ्यांचीच नावे बुडाली नाहीत. दक्षिणेत रॉबर्ट वाइटसाठी काम करणारे रुंगिया आणि गोविंदू नावानिशी माहीत आहेत. वाइटने तर आमरांच्या एका प्रजातीला ‘गोविंदुइया’ असे नाव दिले. (ते पुढे शास्त्रीय व्यवहारात टिकले नाही, ही गोष्ट वेगळी.) हे पाहता दापोडीच्या चित्रकाराचे अनामिकपण केवळ काळाच्या माथी मारता येत नाही, त्यात गिब्सनचाही वाटा आहे.

गिब्सनने निकोलस डाल्झेल याच्यासह सिद्ध केलेला ‘द बॉम्बे फ्लोरा’ 1861 मध्ये निघाला, पण त्यात इलाख्यातील वनस्पतींची संक्षिप्त वर्णने तेवढी आहेत. चित्रे एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात आहेत. तेथील वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी 2002 मध्ये ‘द दापुरी ड्रॉइंग्ज’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. दापोडीच्या जुन्या इंग्रजी उच्चारावरून संग्रह याच नावाने ओळखला जातो.