विद्युत् पुरवठा साधन, घरगुती बनावटीचे रैखिक

रेडिओ ग्राही, विवर्धक इ. ध्वनिसाधनांना लागणारा एकदिश (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह घरातील प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणाऱ्या) प्रवाहापासून मिळवून देणारे साधन. रोहित्र, एकदिशकारक, धारित्र व स्थिरक हे त्याचे मुख्य भाग होत. स्थिरक जादा दाब उष्णतेच्या रूपाने सतत घालवितो व दाब कायम राखतो.

प्रारंभीचे रेडिओ ग्राही विद्युत् घटमालांवर चालत. जॉन अँब्रोझ फ्लेमिंग यांच्या द्विप्रस्थ नलिकेमुळे (१९०४) एकदिशीकरण सुलभ झाले आणि कॅनडातील एडवर्ड रॉजर्स यांनी १९२५ मध्ये घटमालेविना चालणारा ग्राही तयार केला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. तथापि ज्या गावी वीज नव्हती, तेथे घटमालेला पर्याय नव्हता. महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाच्या (१९६०–२००५) काळात ग्रामीण विद्युतीकरण वाढले. त्याच सुमारास सिलिकॉन द्विप्रस्थ स्वस्त झाले व मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून सुटे भाग आणून पुरवठा साधन घरी जुळविणे हौशी तंत्रज्ञांच्या आवाक्यात आले. रॉबर्ट डॉबकिन यांच्या एलएम ३१७ या स्थिरकाने (१९७६) मंडल आणखी सुटसुटीत केले.

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झचा असतो. पूर्ण तरंग एकदिशीकरणानंतर सेकंदाला १०० स्पंद मिळतात. ते पुरेसे सपाट झाले नाहीत, तर ध्वनिक्षेपकातून गुणगुण ऐकू येते. ४,७०० मायक्रोफॅराडच्या धारित्रातून १ अँपिअर प्रवाह घेतल्यास दाबात सु. २ व्होल्टचा चढउतार उरतो. तो स्थिरकाने गिळावयाचा असतो. मात्र त्यासाठी १२ व्होल्टच्या स्थिरकाला आत किमान सु. १४ व्होल्ट मिळावे लागतात.

कमी दाबाच्या भागात येथेच अडचण येते. रोहित्राची द्वितीयक गुंडाळी १५ व्होल्टची असल्यास २३० व्होल्टला साधन उत्तम चालते. परंतु दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला की, स्थिरकाला मिळणारा किमान दाब सु. १३ व्होल्ट होतो आणि गुणगुण सुरू होते. १८ व्होल्टची गुंडाळी घेतल्यास हा दोष जातो; पण दाब पूर्ववत होताच स्थिरकात सु. ११ वॉट उष्णता निर्माण होते व ती घालविण्यास ॲल्युमिनियमची मोठी पट्टी जोडावी लागते. बीड जिल्ह्यातील नारायणगडासारख्या, ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या तीर्थस्थळी कीर्तनाचा शब्द शेवटच्या श्रोत्यापर्यंत स्वच्छ पोहोचणे महत्त्वाचे असते. अशा ठिकाणच्या विवर्धकाचे पुरवठा साधन नाममात्र दाबासाठी नव्हे, तर अपेक्षित असलेल्या किमान दाबासाठी आखणे इष्ट ठरते.

वजनाने हलक्या व अधिक कार्यक्षम अशा स्विचन पद्धतीच्या साधनांनी बहुतेक क्षेत्रांत रैखिक साधनांची जागा घेतली आहे. तथापि उच्च कंप्रतेचा गोंगाट नसणे, मोजके भाग आणि सोपी दुरुस्ती या गुणांमुळे ध्वनिसाधनांत रैखिक साधने आजही वापरली जातात.