पुंगळी, पिस्टन आणि ब्रेक



स्मरणिका समितीने माझ्याकडे ‘आपल्या काळातलं तंत्रज्ञान’ या विषयावर लेख मागितला. मी संगणकावर लिहीन अशी त्यांची अपेक्षा असणार, कारण माझं पोट त्यावरच चालतं. पण १९९६ च्या आपल्या दहावीच्या बॅचला ज्या यंत्राने वेड लावलं होतं, ते शाळेतल्या कापडाखाली झाकलेल्या संगणकापेक्षा फार वेगळं होतं. मधल्या सुट्टीत कंपाउंडच्या भिंतीपलीकडून एखादी यामाहा आरएक्स १०० गेली, की मुलं नुसत्या आवाजावरून ती कुणाची हे सांगायची. बाई आत येईपर्यंत त्यावर पैजाही लागायच्या. त्या वेडाचा हा थोडा इतिहास.

आपल्या आईवडिलांच्या पिढीला मोटार म्हणजे अँबेसिडर किंवा फियाट. अँबेसिडर ही मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. ती पश्चिम बंगालमध्ये उत्तरपाड्याला तयार व्हायची. फियाट, म्हणजे नंतरची प्रीमियर पद्मिनी, मुंबईत कुर्ल्याला बनायची. तिचं इंजिन १,०८९ सीसीचं आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. परवान्यांचं राज्य होतं. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. वेगवान गाडी दुकानात मिळतच नसे, त्यामुळे ज्याला वेग हवा त्याला तो मिस्त्रीकडून घडवून घ्यावा लागे. सुटा भाग मिळाला नाही तर लेथवर बनवून देणारे हे मिस्त्री. तेच हात इंजिनचं हेड घासून कॉम्प्रेशन वाढवून द्यायचे. दुरुस्ती आणि फेरफार यांच्यात आपल्याकडे कधी रेघच नव्हती.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली, तेव्हा आपण तीन-चार वर्षांचे होतो. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढच्या चाकांना ताकद आणि वजनाला एकदम हलकी. कुटुंबासाठी काढलेली ही गाडी बघता बघता शर्यतींतही उतरली. शर्यती होत्या त्या लांब. मद्रासजवळ शोलावरमला दुसऱ्या महायुद्धातली विमानांची धावपट्टी होती, तिच्यावर मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब शर्यती भरवायचा. १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टईला खास ट्रॅक झाला. पण तालुक्याच्या गावातल्या पोराला मद्रास कुठलं परवडायला? त्याचा ट्रॅक म्हणजे साखर कारखान्याचा रस्ता, आणि गाडी म्हणजे मोठ्या भावाची किंवा मामाची आरएक्स १००.

ही गाडी १९८५ च्या अखेरीस आली. ९८ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, ११ अश्वशक्ती आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आकडे आज किरकोळ वाटतील, पण तेव्हा बजाज स्कूटरवर बसणाऱ्याला तो पिकअप म्हणजे जादू होती. टू-स्ट्रोकला झडपा नसतात, भाग कमी असतात, आणि सिलिंडरच्या भिंतीतली भोकं कानशीने जरा रुंद केली तरी इंजिनाचा स्वभाव बदलतो. त्यामुळे गल्लीबोळातला प्रत्येक मिस्त्री तिचा डॉक्टर झाला. पोर्टिंग, बोअर, मोठा जेट, पुढच्या चेन-सॉकेटला एक दात जास्त, हे शब्द आपल्या मुलांना पाढ्यांआधी पाठ झाले.

सगळ्यात लोकप्रिय फेरफार सायलेन्सरची पुंगळी काढण्याचा. गंमत अशी, की त्याने आवाज वाढतो, वेग वाढेलच असं नाही. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरचा फुगीर आकार मुद्दाम तसा केलेला असतो. धुराबरोबर निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण दाबाच्या लाटेने परत सिलिंडरमध्ये ढकललं जावं, हा त्याचा हेतू. अंदाजाने कापाकापी केली की ते गणित बिघडतं. जेट चुकीचा बसला आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, तर इंजिन जास्त तापतं, पिस्टन जाम होतो आणि धावत्या गाडीचं मागचं चाक जागच्या जागी लॉक होतं.

हे सगळं मला गॅरेजमध्ये बसून कळलेलं नाही. मुलींनी गॅरेजच्या बाकड्यावर बसण्याचा तो काळ नव्हता. मला हे शिकवलं आपल्याच वर्गातल्या एकाने. त्याचं नाव इथे लिहीत नाही. आपल्या सगळ्यांना ते माहीत आहे, आणि मेळाव्यात त्याची खुर्ची रिकामी राहणार हेही. गणित माझं चांगलं म्हणून तो प्रश्न घेऊन घरी यायचा. बारावीच्या सुट्टीत मी त्याला आलेखाच्या कागदावर काढून दिलं होतं, की सॉकेटला एक दात वाढवला तर तितक्याच फेऱ्यांना गाडी ताशी किती किलोमीटर जास्त जाईल. उत्तर बरोबर आलं. आम्ही दोघंही खूश होतो.

पुढच्या वर्षी ऊसतोडीच्या हंगामात, रात्री, त्याची गाडी रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, रिफ्लेक्टर नव्हता. ती चूक ट्रॉलीवाल्याची होतीच, आणि तेव्हा गावात सगळे तेवढंच बोलले. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होते. वसतिगृहात एका रात्री मी राहिलेलं गणित केलं. ताशी ६० च्या वेगाने जाणारा माणूस समोर काही दिसल्यावर ब्रेक दाबायला एक सेकंद घेतो, त्यात गाडी १७ मीटर पुढे जाते. मग चांगला ब्रेक लागला तरी थांबायला आणखी २८ मीटर. एकूण ४५. वेग ९० केला तर हेच अंतर ८८ मीटरच्या घरात जातं, कारण थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. डिपरवरच्या हेडलाइटचा उजेड रस्त्यावर जेमतेम तीस-चाळीस मीटर. त्या गाडीला पुढे-मागे कंपनीचेच ड्रम ब्रेक होते. आम्ही त्यांना हातही लावला नव्हता. त्या आलेखात ब्रेकचा रकाना असायला हवा, हे आम्हा दोघांना सुचलंच नव्हतं.

आरएक्स १०० आपल्या दहावीच्याच वर्षी, प्रदूषणाचे नियम कडक झाल्यावर बंद झाली. नंतर काळ झपाट्याने बदलला. १९९९ ला हिरो होंडाची सीबीझेड पुढे डिस्क ब्रेक घेऊन आली आणि २००१ ला पुण्याच्या बजाजची पल्सर. मोटारींमध्ये १९९३ ची झेन, १९९४ ची एस्टीम, मग २००० च्या सुमारास शंभराहून जास्त अश्वशक्तीची होंडा सिटी व्हीटेक. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. वेग आता विकत मिळू लागला आणि त्याच्याबरोबर बऱ्याचदा कंपनीने हिशोब करून बसवलेला ब्रेकही.

फेरफार मात्र थांबले नाहीत, त्यांनी जागा बदलली. कार्ब्युरेटर जाऊन इंजिनात संगणक आला. आता जेट बदलण्याऐवजी लॅपटॉप जोडून त्या संगणकातला नकाशा बदलतात. टर्बोचा दाब थोडा वाढवला की ताकद वाढते, हे खरं आहे. पण कंपनीने सोडलेली ती जागा वाया गेलेली नसते. ती भेसळीच्या पेट्रोलसाठी, मे महिन्याच्या उन्हासाठी, घाटातल्या चढासाठी राखलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही जिला ‘मार्जिन’ म्हणतो तीच ही. ती खाऊन टाकली की गाडी वर्षभर छान पळते आणि एखाद्या दिवशी गिअरबॉक्स किंवा पिस्टन हात टेकतो.

साध्या वाटणाऱ्या फेरफारांचा धोका तर आणखी लपलेला. ६०/५५ वॉटच्या बल्बच्या जागी १००/९० वॉटचा बसवला आणि रिले टाकला नाही, तर जुन्या वायरीतून जास्त प्रवाह जातो, वरचं प्लॅस्टिक वितळतं आणि बॉनेटखाली आग लागू शकते. पुढे लावलेला लोखंडी गार्ड धक्क्याचा जोर वेगळीकडे वळवतो, त्याने एअरबॅगच्या सेन्सरची वेळ चुकू शकते. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं, ते उगीच नव्हे. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर जाड कव्हरसुद्धा तिला अडवतं.

कायदाही आता स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. नवीन गाडी बाजारात येण्याआधी तिथे तिचे ब्रेक, दिवे, धूर, आवाज सगळं तपासलं जातं. गल्लीतल्या फेरफारानंतर ती परीक्षा पुन्हा कुणी घेत नाही.

हे वाचून मी गाड्यांच्या वेडाविरुद्ध आहे असं समजू नका. यंत्र उघडून बघण्याची ओढ मला त्याच्यामुळेच लागली, आणि आज मी जी काही आहे त्यात तिचा वाटा मोठा आहे. ट्रॅकवर गाडी पळवणारेही वेडेच असतात. पण तिथे शर्यतीआधी ब्रेक तपासले जातात, हेल्मेट बघितलं जातं, रुग्णवाहिका उभी असते आणि समोरून उसाची ट्रॉली येत नाही.

आता आपली मुलं सोळा-सतराची झाली आहेत. माझा मुलगा मला परवा विचारत होता, की सायलेन्सर बदलला तर किती फरक पडेल. मी त्याला नाही म्हटलं नाही. आलेखाचा कागद काढला आणि म्हटलं, आधी थांबण्याचं अंतर काढू, मग बाकीचं. तुमच्या घरी हा प्रश्न आला, तर तुम्हीही तिथूनच सुरुवात करा, एवढीच विनंती. आपल्या त्या मित्राची आठवण म्हणून.