वीस मीटर, पाच तास

आजच्या भागात एका गाडीची गोष्ट. सायकलची चार चाकं, वर एक टीव्ही कॅमेरा, बस्स. पत्ता : स्टॅनफर्ड विद्यापीठ, कॅलिफोर्निया.

१९६० च्या आसपास जेम्स अ‍ॅडम्स नावाच्या मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याला एक प्रश्न पडला होता. पृथ्वीवर बसून चंद्रावरची गाडी चालवता येईल का? अडचण अशी, की सिग्नल जाऊन परत यायला साधारण अडीच सेकंद लागतात. म्हणजे समोर दगड दिसेपर्यंत गाडी त्यावर आपटलेली असणार! त्याने कॅमेरा लावून, मुद्दाम तेवढा उशीर घालून गाडी चालवून पाहिली. ताशी साधारण ०.३ किलोमीटरच्या वर वेग गेला की भरवसा नाही, असं निघालं.

अ‍ॅडम्सचं शिक्षण झालं, गाडी मागे राहिली. मग ती जॉन मॅकार्थींच्या एआय लॅबकडे गेली आणि प्रश्न बदलला. माणसाला बाजूला काढा, गाडीने स्वतः बघून चालायला हवं.

१९७१ मध्ये तिथे पीएचडीला आला हान्स मोराव्हेक. १९७३ मध्ये गाडी उतारावरून कलंडली आणि बॅटरीचं अ‍ॅसिड सगळ्या सर्किटमध्ये पसरलं. विशेष म्हणजे, तेव्हा ती माणूसच चालवत होता! गाडी पुन्हा उभी करावी लागली.

आता ती बघायची कशी? गाडीवर कॉम्प्युटर नव्हताच. चित्र रेडिओने लॅबमधल्या मोठ्या मशीनकडे जायचं. कॅमेरा एका आडव्या पट्टीवर सरकायचा आणि नऊ जागांवरून नऊ चित्रं घ्यायचा. एसटीच्या खिडकीतून जवळचे खांब झपकन मागे पळतात, लांबचा डोंगर मात्र हलत नाही, बरोबर ना? तेच इथे. चित्रात जी वस्तू जास्त सरकली ती जवळची. एवढा हिशोब करून गाडी एक मीटर पुढे जायची आणि परत दहा-पंधरा मिनिटं विचार करत थांबायची.

१९७९ मध्ये तिने खुर्च्या मांडलेली खोली एकटीने पार केली. अंतर सुमारे वीस मीटर, वेळ सुमारे पाच तास. रांगणारं बाळ हे काम मिनिटभरात करेल. मोराव्हेकने नंतर हेच मांडलं : बुद्धिबळासारखं जे आपल्याला अवघड वाटतं ते मशीनला तुलनेने सोपं, आणि बघणं-चालणं महाकठीण.

पण मला सगळ्यात भावतो तो बाहेरच्या उन्हातला प्रयोग. गाडी विचार करत उभी असायची, तेवढ्यात सूर्य पुढे सरकायचा आणि सावल्या हलायच्या. गाडीचा गोंधळ!

हे वाचलं आणि मी थांबलोच. बीटेकच्या शेवटच्या वर्षी आमच्या ग्रुपने काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो केला होता. रात्री हॉस्टेलच्या खोलीत एकदम झकास चालायचा. सबमिशनच्या दिवशी खिडकीतून ऊन आलं, सेन्सर आंधळे झाले आणि रोबो थेट भिंतीवर. परीक्षक हसले. मी मनात ठरवलं, हे आपलं काम नाही. आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. काम बरं चाललंय, पण तो निर्णय एका खिडकीमुळे घेतला होता, हे मला परवा कळलं.

तिकडे मोराव्हेकने सावल्यांचा त्रासही प्रबंधाचा भाग म्हणून नोंदवला. १९८० मध्ये पीएचडी घेऊन तो कार्नेगी मेलन विद्यापीठात गेला. तिथे आदल्याच वर्षी खास रोबोटिक्सची संस्था निघाली होती. तोवर अ‍ॅडम्स मेकॅनिकलमधून आला होता, मोराव्हेक कॉम्प्युटरमधून. आता या विषयाला स्वतःचं घर मिळालं.

आणि अ‍ॅडम्सचा प्रश्न? ऑगस्ट २०२३ मध्ये आपला प्रज्ञान रोव्हर चंद्रावर सेकंदाला एक सेंटीमीटर वेगाने चालत होता. तीन मीटरवर मोठा खड्डा दिसला, आणि इस्रोने त्याला आल्या वाटेने मागे फिरायला सांगितलं. हळू चालल्यामुळेच वाचला तो.

माझा रोबो आईने माळ्यावर ठेवलाय. या दिवाळीला घरी गेलो की खाली काढणार आहे. दुपारी, उन्हात.

भेटू पुढच्या भागात!